रोग्याचें ऐकावयास शिकविणारी विद्या

नवशिक्या वैद्याचा हात प्रथम कोणावर वळावा? पूर्वापार तो धर्मार्थ रुग्णालयांतील गरिबावरच वळत आला. ही रीत पालटण्याचा एक मार्ग डॉ. हॉवर्ड बॅरोज यांनीं १९६३ सालीं लॉस एंजेलिस येथें दाखविला. निरोगी माणसास रोगाचीं लक्षणें व रोग्याचें बोलणें शिकवून त्यांनीं त्यास विद्यार्थ्यापुढें बसविलें. तपासणी संपल्यावर हा 'रोगी' विद्यार्थ्याचे गुणदोष सांगे. भारतांतहि २०१९ पासून वैद्यकीय अभ्यासक्रमांत वृत्ति, नीति व संभाषण यांचें शिक्षण आवश्यक झालें आहे. सोंगाचा रोगी चुका सोसतो. खऱ्यास त्या भोगाव्या लागतात. म्हणून पहिली चूक सोंगापुढेंच घडो, आणि खऱ्या रोग्याच्या खाटेशीं विद्यार्थी सावध हातानें व नम्र कानानें जावो.