शास्त्रांची उतरंड

साथींनो, कोणते शास्त्र श्रेष्ठ, हा वाद जुना आहे. फ्रेंच तत्त्वज्ञ ऑगस्त कोंत याने गणितापासून समाजशास्त्रापर्यंत विज्ञानांची श्रेणीच लावून दिली होती. ताऱ्यांचे रासायनिक घटक मानवाला कधीही कळणार नाहीत, असेही त्याने १८३५ साली ठरवून टाकले. पुढे १८५९ मध्ये किर्खहोफ आणि बुन्सेन यांनी वर्णपटावरून सूर्यातील मूलद्रव्ये ओळखण्याचा मार्ग दाखविला! भौतिकीखेरीज इतर शास्त्रांना तुच्छ लेखणारे उद्गार ज्यांच्या नावावर सांगितले जातात, त्या रुदरफोर्ड यांना १९०८ साली नोबेल मिळाले तेही रसायनशास्त्राचे.

ज्यांना माणसांच्या जगण्यामरण्याशी कर्तव्य आहे, त्यांनी हा प्रश्न बनगावच्या छावणीत नेऊन पाहावा. १९७१ साली पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांत तेथे कॉलरा भडकला. शिरेतून द्यावयाचे सलाइन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ व खाण्याचा सोडा यांच्या पुड्या बांधविल्या; त्यांचे द्रावण रुग्णांचे नातेवाईकच त्यांना पाजू लागले. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आले.

हे श्रेय कोणत्या शास्त्राचे? कॉलऱ्याचा जंतू विष सोडून आतड्यातील पाणी बाहेर काढतो, हे कोलकात्याच्या शंभुनाथ डे यांनी १९५९ साली दाखविले. ग्लुकोजच्या जोडीने सोडियम आतड्यात शोषले जाते, ही यंत्रणा रॉबर्ट क्रेन यांनी १९६० साली मांडली; त्यांचा हेतू कॉलऱ्यावर औषध शोधण्याचा नव्हता. ढाक्यातील १९६८ च्या चाचण्यांनी उपचार सिद्ध केला. त्या ‘निरुपयोगी’ शरीरक्रियाशास्त्रावाचून पुडीत साखर का घालावयाची, हे कुणाला उमगले नसते. आणि पुडी बांधणारा नसता तर ते ज्ञान नियतकालिकांतच पडून राहिले असते. पायाभूत संशोधनाला चैन म्हणणारे साथी आणि पुडी बांधण्याला कारकुनी म्हणणारे पंडित, दोघेही येथे चुकतात.

अग्रक्रमाचा खरा झगडा शास्त्राशास्त्रांत नाही. पैसा कोणाच्या गरजेसाठी खर्चावयाचा, यात आहे. मीठ-साखरेच्या पाण्यात मोठा नफा नाही. महालनबीस यांना पद्मविभूषण जाहीर झाले ते २०२३ साली, मरणोत्तर. जगात आजही दरवर्षी पाच वर्षांखालील काही लाख बालके अतिसाराने दगावतात. शास्त्र अपुरे आहे म्हणून नव्हे. पुडी आणि स्वच्छ पाणी त्यांच्या झोपडीपर्यंत पोहोचत नाही म्हणून.

तेव्हा शाखांनी पावसाळ्यापूर्वी आपापल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन पुड्यांचा साठा किती आहे, तो उपकेंद्रापर्यंत जातो काय आणि गावच्या विहिरीचे पाणी शेवटचे केव्हा तपासले गेले, याची लेखी चौकशी करावी.