आजोबांची गिनती
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेलं भाषण)

अध्यक्ष महोदय, सेक्रेटरी काका, कमिटीचे सभासद, आणि ज्यांच्या घरी मी लहानपणी हक्कानं जेवले त्या सगळ्या काकू आणि आज्ज्या,

कमिटीनं मला आमच्या आजोबांबद्दल पाच मिनिटं बोलायला सांगितलंय. बी विंगमधले फौजी आजोबा. त्यांना जाऊन येत्या श्रावणात दोन वर्षं होतील. जी कुटुंबं अलीकडे राहायला आली, त्यांना ते फक्त ऑफिसातल्या ग्रुप फोटोत, मागच्या रांगेत ताठ उभे असलेले माहीत असतील.

आधी एक गैरसमज दूर करते. आम्हा मुलांत तेव्हा अशी बातमी होती की फौजी आजोबांनी लढाईत शंभर माणसं मारली आणि त्यांच्या कपाटात रायफल आहे. कपाटात रायफल नव्हती. एक पत्र्याची ट्रंक होती, तिच्याबद्दल पुढे सांगते. साताऱ्याकडचा माणूस फौजेत म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीतच असणार, असं सगळे धरून चालतात. आजोबा १९६५ साली भरती झाले ते खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्ये. सॅपर म्हणजे पूल बांधणारे, रस्ते करणारे, सुरुंग पेरणारे आणि काढणारे जवान. याच सॅपर्समधले, कारवारकडचे रामा राघोबा राणे. एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा ते राजौरी रस्त्यावरचे सुरुंग आणि अडथळे त्यांनी जखमी असतानाही काढले, रणगाड्यांना वाट करून दिली आणि परमवीरचक्र मिळवलं. आमच्या देवघराशेजारी त्यांचा फोटो होता. आजी म्हणायची, ह्यांचे देव तेहतीस कोटी अधिक एक.

१९७१ मध्ये आजोबा पश्चिम आघाडीवर होते. ते युद्ध ३ डिसेंबरला सुरू झालं आणि तिकडे १७ डिसेंबरला थांबलं. शाळेच्या पुस्तकात ते तिथेच संपतं. आजोबांचं पुढे कितीतरी महिने चाललं, कारण पेरलेले सुरुंग काढायचे होते. युद्ध थांबलं हे जमिनीखालच्या सुरुंगाला कुणी सांगत नाही, तो आपला वाट बघत बसतो. हे काम कसं करतात ते मला त्यांनी आमच्या दिवाणखान्यात, सतरंजीवर पालथं झोपून दाखवलं होतं. हातात आजीची विणायची सुई. सळई तिरकी घालायची, सरळ वरून कधीच नाही, कारण सुरुंग वरच्या दाबानं उडतो. इंच-इंच पुढे जायचं. जेवढी जागा तपासून झाली तिच्या दोन्ही बाजूंनी पांढरी पट्टी लावायची. मागून येणाऱ्यानं त्या पट्टीच्या आतच पाय टाकायचा. आणि संध्याकाळी हिशेब. नकाशावर जेवढे पेरल्याची नोंद, तेवढे हातात आले पाहिजेत.

आता जुन्या लोकांना आठवेल. २००० साली आपण इथे राहायला आलो तेव्हा गेटपासून मेन रोडपर्यंत रस्ताच नव्हता. पावसाळ्यात नुसता चिखल, आणि त्यात ड्रेनेजचे चेंबर, निम्म्यांना झाकणं नाहीत. पाणी साचलं की खड्डा कुठला आणि चेंबर कुठला, कळायचं नाही. आजोबांनी बांबूच्या खुंट्या ठोकल्या आणि गेटपासून स्कूलबसच्या थांब्यापर्यंत पांढऱ्या पट्टीची वाट आखली. सकाळी आम्हा मुलांची त्या वाटेनं ओळीत परेड. ते पुढे. "जिथं माझा पाय, तिथंच तुमचा पाय." परत येताना बसच्या दारात उभं राहून गिनती. आम्ही चौदा होतो. एकदा तेरा भरले, तर त्यांनी बस हलू दिली नाही. ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, कंडक्टरबाई चिडल्यात, आजोबा बसच्या पुढ्यात उभे. चौदावा मागच्या सीटवर झोपलेला सापडला. तो आता कॅनडात असतो, दोन मुलांचा बाप आहे. आजच्या कार्यक्रमासाठी त्यानं व्हॉट्सअॅपवर एकच शब्द पाठवला: "हजर".

सी विंगच्या काकूंची सोन्याची कुडी बागेत हरवली तेव्हाही असंच. सगळे गवतात सैरावैरा शोधत होते. आजोबांनी सगळ्यांना बाहेर काढलं, सुतळीनं बागेचे पट्टे पाडले, एकेका पट्ट्यात एकेक मूल गुडघ्यावर. दोन तासांनी कुडी मिळाली. काकूंनी आम्हाला शिरा खायला घातला. त्या शिऱ्याला तोड नाही, आजही.

घरात मात्र वेगळे होते. आई सकाळच्या शिफ्टला जायची, म्हणून माझ्या वेण्या आजोबा घालायचे. दोन्ही वेण्या बरोबर सारख्या, रिबिनीचे फासे असे की ओढून सुटायचे नाहीत. आजी म्हणायची, पोरीच्या डोक्यावर पूल बांधताय का? दहावीच्या प्रत्येक पेपराला ते केंद्राबाहेर झाडाखाली उभे असायचे. बसायचे नाहीत. पेपर कसा गेला असं कधी विचारलं नाही. मी गर्दीतून बाहेर आले की मान हलवायचे, पाण्याची बाटली पुढे करायचे आणि चालायला लागायचे.

मोजायची सवय इतकी कशाला, असं मी त्यांना एकदा विचारलं होतं. मी तेव्हा कॉलेजात होते. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "एका पट्ट्यात एक कमी भरला होता. अंधार पडला म्हणून सकाळी बघू म्हणाले. सकाळी माझ्या आधी तो उठला." तो म्हणजे त्यांच्याच तालुक्यातला, त्यांच्याच दिवशी भरती झालेला जोडीदार. एवढंच सांगितलं आणि भाजी आणायला निघून गेले.

ते गेल्यावर आम्ही ट्रंक उघडली. वर युनिफॉर्म, मेडल्स. खाली मनीऑर्डरच्या पावत्यांचे गठ्ठे, साल-दरसाल लावून ठेवलेले. सगळ्या एकाच बाईच्या नावावर, त्या जोडीदाराच्या आईच्या. सुरुवातीला दहा रुपये, नंतर पंचवीस, पुढे शंभर. मधला एकही महिना गाळलेला नाही. बाबांच्या लग्नाचा महिना नाही, रिटायर झाल्यावर नोकरी शोधत होते ते महिनेही नाहीत. शेवटची पावती १९९६ ची. त्या साली ती म्हातारी वारली. आजीला हे ठाऊक होतं. बाबांना नव्हतं. त्या रात्री बाबा पावत्या मोजत बसले होते, आणि आम्ही कुणी त्यांना थांबवलं नाही.

कमिटीनं बागेला आजोबांचं नाव द्यायचं ठरवलंय, त्याबद्दल आमच्या घरातर्फे आभार. बोर्ड मोठा नको, एवढीच विनंती. त्यांना बोर्ड वाचत उभी राहिलेली माणसं आवडायची नाहीत, वाट अडते म्हणायचे.

त्यांची वही माझ्याकडे आहे. सोसायटीतले सगळे चेंबर, क्रमांकानुसार, दर रविवारी तपासल्याची खूण. शेवटच्या पानावर लिहिलंय, ए विंगच्या मागचं झाकण हलतं. सेक्रेटरी काका, मी आज येताना पाय देऊन बघितलं. अजून हलतंय. जेवणाची पंगत तिकडेच मांडली आहे आणि मुलं पळतायत, तर तेवढं आधी बघून घेऊ या का?