दुष्काळानंतरचा माळ



पुष्पगुच्छाऐवजी कडुनिंबाचं रोप दिलंत, आभारी आहे. (हशा) पण आज मी झाडांविरुद्ध बोलायला आलोय.

सोलापूरजवळच्या नान्नजचं माळढोक अभयारण्य तुम्हाला नव्यानं सांगायला नको. १९७९ साल, साडेआठ हजार चौरस किलोमीटरचा तो अवाढव्य आकडा, त्यात अडकलेली गावं, पुढची कपात, सगळं तुम्ही वाचलंय. मला बोलायचंय त्याच्या आधीचं. १९७२च्या दुष्काळानंतर अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमातून माळाचे तुकडे चराईला बंद झाले. गवत परतलं, माळढोकाला आसरा मिळाला. इथवर उत्तम. पण मोकळी जमीन आपल्याला बघवते का? लावली गिरिपुष्पाची झाडं! ज्या पक्ष्याची मादी उघड्या जमिनीवर एकच अंडं घालते, ज्याचा नर गळ्याची पिशवी फुगवून दुरून दिसावं म्हणून उभा राहतो, त्याच्या अंगणात झाडांच्या भिंती.

माळाला लागवड लागत नाही हो. ही कुसळं बघा, पाकिटातून आणलीत. एक ओलं करतो... फिरतंय, दिसलं? मागच्यांनी विश्वास ठेवावा. (हशा) वाळलं की याला पीळ बसतो, भिजलं की उलगडतो, आणि टोकाचं बी जमिनीत घुसत जातं. मेंढीच्या लोकरीतून प्रवास फुकट. तुमच्या मोज्यांतूनही. एका धनगर आजोबांना मी हे मोठ्या उत्साहानं समजावलं, तर ते म्हणाले, ‘मेंढीच्या कातड्यात घुसतं तवा बघायला या.’ त्यांचंही खरंच आहे. कुसळाचं गवत माजलं की माळ बिघडलाय असं ते सांगतात. पवन्या, मारवेल ही गवतं हवीत, त्यांना जनावर तोंड लावतं. आणि ते आजोबा...

हो, चिठ्ठी मिळाली. दहा मिनिटं? पाचच? बरं.

तर मुद्दा. पवन्या-मारवेलचा ठोंब दुष्काळात वरून जळाला तरी मुळाशी जीव धरून असतो. पहिल्या पावसात तो मुळातली शिल्लक खर्चून कोंब काढतो. नेमका तोच कोंब मेंढरांनी पुन्हा पुन्हा खाल्ला, तर ठोंब संपला. म्हणून दुष्काळानंतरचा पहिला पावसाळा बी झडेपर्यंत माळ बंद ठेवा. तेवढे महिने मेंढपाळाला चारा सरकारनं द्यावा, नुसता दंड नको. दिवाळीनंतर पाळीपाळीनं चराई खुली करा. कायमची बंद केलीत तर गवत माजतं, आणि माळढोकाला आखूड गवतही लागतं. सलग समतल चर खोदून ठोंब उपटू नका. गिरिपुष्प मात्र मुळासकट काढा.

तिकडे वृक्षप्रेमी मंडळाचे हात वर झालेत. झाडं कुठे लावायची? ओढ्याकाठी लावा, बांधावर लावा, या सभागृहाच्या आवारात लावा. हे रोप मी इथेच ठेवून जातो.