निद्रिस्ताच्या डोळ्यांतली बाहुली



कंधारच्या किल्ल्याभोंवतालच्या शेतांत पावसाळ्यांत फवारणी होते, भुईवर निजलेल्यांना मण्यार डसते, आणि मोटारसायकलीवरून पडून डोक्याला मार लागलेला एखादा तरुण नांदेडच्या इस्पितळांत पोहोंचतो. तेथें त्याला श्वासयंत्रावर ठेवून औषधांनीं गाढ निजवितात. हांक मारली तर ओ नाहीं, चिमटा घेतला तर हालचाल नाहीं. मग परिचारिका तासातासाला पापणी उघडून विजेरीचा झोत कां टाकते, असा प्रश्न बाहेर बसलेल्या वडिलांना पडतो.

उजेड पडला कीं बाहुली आकसते. उजेडाची वर्दी दृष्टीच्या मज्जातंतूनें मेंदूच्या देठापर्यंत जाते व तिसऱ्या मज्जातंतूनें परत येते. कवटींत रक्त सांचून दाब वाढला म्हणजे हा तिसरा तंतु चेपला जातो. बहुधा मार लागलेल्याच बाजूची बाहुली फैलावते आणि उजेडाला जुमानीनाशी होते.

परंतु औषधांचा अंमल असतां काय? अफूच्या वर्गांतील फेंटानिलनें बाहुली टांचणीच्या टोंकाएवढी होते. ती हालते, पण साध्या डोळ्यांना दिसत नाहीं. भिंग किंवा बाहुली मोजणारें यंत्र लागतें. स्नायु शिथिल करणारीं औषधें हातपाय लुळे करितात. बाहुलीचा स्नायु निराळ्या जातीचा असल्यामुळें त्याला सहसा धक्का लावीत नाहींत. माझ्या मतें मुख्य गोष्ट एकच. शिरेंतून दिलेलें औषध दोन्ही डोळ्यांवर सारखाच अंमल करितें. म्हणून सकाळीं सारख्या असलेल्या बाहुल्यांपैकीं दुपारीं एकच मोठी झाली, तर झोपेच्या औषधावर खापर फोडून स्वस्थ बसतां येत नाहीं. तांतडीनें डोक्याचा सी. टी. स्कॅन करावा लागतो. गंमत अशी, कीं दम्यासाठीं वाफेंतून दिलेलें इप्राट्रोपियम मुखवट्याच्या फटींतून एका डोळ्यांत शिरलें, तरी तीच बाहुली फैलावते!

फवारणीच्या ऑर्गॅनोफॉस्फरस विषानें बाहुल्या बारीक होतात व त्यावरील उपचाराच्या ॲट्रोपीननें मोठ्या होतात. धोतऱ्याचें बीं पोटांत गेल्यावरहि मोठ्याच. मण्यारीचा प्रकार याहून भयंकर. तिच्या विषानें पापण्या मिटतात, श्वास थांबतो, आणि कधीं कधीं बाहुल्याहि फैलावून निश्चल होतात. माणूस गेला असें वाटतें. वस्तुतः तो शुद्धीवर असूं शकतो, उशाशीं चाललेलें बोलणें ऐकूं शकतो! श्वासयंत्रावर कांहीं दिवस तग धरून असे रोगी उठून बसलेले आहेत.

१९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याखालीं मेंदूमृत्यु ठरवितांना चार डॉक्टरांचें मंडळ लागतें आणि तपासणी किमान सहा तासांच्या अंतरानें दोनदां होते, ती याचसाठीं. तत्पूर्वीं गुंगीचीं औषधें, विष व शरीराचा गारठा हीं कारणें वगळावीं लागतात.

आणखी एक. रोग्याचा मोतीबिंदु काढलेला असेल, डोळ्यांत रोज थेंब घालीत असतील, तर तें आपण होऊन डॉक्टरांना सांगावें. शस्त्रक्रियेनंतर वांकडी झालेली बाहुली पाहून आंतील मंडळी विनाकारण धांवपळ करितात.