दादा, तुझं मिंट माझी पुस्तकं घेईना

बसमध्ये, होस्टेलच्या गच्चीवर, नाहीतर अभ्यासिकेत समोर पुस्तक उघडं ठेवून चोरून पॉडकास्ट ऐकणाऱ्या सगळ्यांना रामराम. आजचा विषय थोडा टेक्निकल आहे, पण घाबरू नका. यात माझी फजिती भरपूर आहे, त्यामुळे बोअर होणार नाही.

मी मूळचा हिंगोली जिल्ह्यातला, कळमनुरी तालुक्यातला. बीटेक केलं, आता पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. घरी आई, बाबा, थोडी हळद, थोडं सोयाबीन आणि धाकटी बहीण. बहीण एमपीएससी करते. २०२५ ची राज्यसेवा पूर्व परीक्षा आधी २८ सप्टेंबरला होती. तेव्हा मराठवाड्यात पावसानं काय हाल केले ते तुम्हाला माहीतच आहे. परीक्षा पुढे गेली, ९ नोव्हेंबरला. म्हणजे मधे दिवाळी. ही दिवाळीच आजच्या गोष्टीला कारण आहे.

आमच्या घरी एक जुना लॅपटॉप आहे, माझ्याच कॉलेजच्या काळातला. त्यावर विंडोज १० होतं. त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि आमचा प्रोसेसर एवढा जुना की विंडोज ११ च्या यादीत तो बसतच नाही. मग मी काय केलं? भाऊबीजेच्या दिवशी, ओवाळणी म्हणून, लॅपटॉप साफ करून त्यावर लिनक्स मिंट टाकून दिलं. दोन तासांत काम झालं. मशीन पळायला लागलं. मी कॉलर ताठ करून पुण्याला परतलो.

चौथ्या दिवशी फोन.

"दादा, तुझं ते मिंट का फिंट माझी पुस्तकं घेईना. काऊन बदललंस रे उगं?"

आता इथं सांगायला पाहिजे की तिच्याकडे एक ई-रीडर आहे. मैत्रिणीकडून सेकंडहँड घेतलेला, सहा इंची. कंपनीचं नाव घेत नाही. जाहिरातही नको आणि बदनामीही नको. ज्यांनी वापरला नसेल त्यांच्यासाठी: त्याचा पडदा मोबाइलसारखा आतून पेटत नाही. ई-इंक म्हणजे बारीक बारीक कुप्यांमधले काळे आणि पांढरे कण विजेनं वर-खाली सरकतात आणि अक्षर उमटतं. उमटलं की तसंच राहतं, वीज लागते ती फक्त पान बदलताना. आमच्याकडे लाइटीचा जो काही कारभार आहे, त्यात हे फार कामाचं. रात्री लोडशेडिंग असलं तरी चार्जिंगची चिंता नाही. आणि मोबाइलवर पीडीएफ वाचून तिचं डोकं दुखायचं ते थांबलं होतं.

अडचण अशी झाली की कंपनीचं जे सॉफ्टवेअर कॉम्प्युटरवरून रीडरवर पुस्तकं टाकतं, ते फक्त विंडोज आणि मॅकसाठी. लिनक्सचं नावच नाही. मी म्हटलं, हात्तिच्या! वाईन आहे की. वाईन म्हणजे विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवायची सोय. व्हिडिओ कॉलवर तिच्याकडून ते बसवून घेतलं. सॉफ्टवेअर उघडलं सुद्धा. पण यूएसबीला लावलेला रीडर त्याला दिसेना. वाईन प्रोग्रामला फाइली दाखवतं. एखादा प्रोग्राम थेट यूएसबीच्या उपकरणाशी बोलायला गेला की तिथं बहुतेक वेळा गाडी अडते. हे मला ठाऊक असायला हवं होतं. एक संध्याकाळ गेली. परीक्षेला तेरा दिवस.

दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, सॉफ्टवेअर जाऊ दे खड्ड्यात. रीडर सरळ पेनड्राइव्हसारखा लाव. बरेच रीडर तसे दिसतात. लावला. चार्जिंगचं चिन्ह आलं, पण कॉम्प्युटरला पत्ता नाही. तिच्याकडून टर्मिनल उघडून घेतलं, एलएसयूएसबी ही कमांड टाइप करून घेतली. ही कमांड यूएसबीला काय काय लावलंय त्याची यादी देते. यादीत माउस आहे, कॅमेरा आहे, रीडर नाही. मी ड्रायव्हर, कर्नल, पोर्ट, सगळ्यांवर संशय घेऊन झाला. अर्धा तास. मग मागून आईचा आवाज आला, "अगं, ती वायर बाबाच्या बॅटरीची आहे."

मंडळी, ती वायर फक्त चार्जिंगची होती! साध्या यूएसबी केबलमध्ये चार तारा असतात, दोन विजेच्या, दोन डेटाच्या. स्वस्त टॉर्चबरोबर किंवा ट्रिमरबरोबर येणाऱ्या केबलमध्ये पुष्कळदा डेटाच्या तारा नसतातच. बाहेरून ओळखू येत नाही. मी चार वर्षं इंजिनिअरिंग केलंय आणि ही गोष्ट आईनं शोधली. खरी केबल सापडली ती सोयाबीनच्या पावत्यांच्या पिशवीत. लावली, आणि रीडर दिसला. रीडरच्या पडद्यावर "कनेक्ट करायचं का" असं येतं, तिथं हो म्हणावं लागतं, एवढंच.

आता खरं संकट. पुस्तक कॉपी करायला गेलं की "रीड-ओन्ली" असा निरोप. फक्त वाचता येईल, लिहिता येणार नाही. हे का झालं? रीडरची मेमरी फॅट पद्धतीनं मांडलेली असते. कॉपी चालू असताना किंवा इजेक्ट न करता केबल ओढली की त्या मांडणीत अर्धवट नोंद राहते. लिनक्सला गडबड दिसली की ते आणखी नुकसान नको म्हणून लिहिणंच बंद करतं. आणि केबल ओढली कुणी? चार दिवस वैतागून वैतागून तिनंच, आणि मी फोनवर "काढून परत लाव, काढून परत लाव" म्हणत होतो.

मी अगदी सहज म्हटलं, "फॉरमॅट मार. पुस्तकं परत टाकू."

ती म्हणाली, "नाही."

"अगं, पाच मिनिटांचं काम आहे."

"दादा, त्यात माझ्या खुणा आहेत."

मी गप्प झालो. आठ महिन्यांच्या खुणा. राज्यघटना, भूगोल, अर्थव्यवस्था. प्रत्येक पुस्तकात काय महत्त्वाचं, कुठं तिचं चुकतं, कुठला आकडा लक्षात राहत नाही, सगळं तिनं रीडरवरच अधोरेखित केलेलं, बाजूला टिपणं लिहिलेली. वहीत काही नाही. शेवटचे बारा दिवस ती फक्त त्या खुणाच वाचणार होती. आणि मी ते पुसून टाकायला निघालो होतो. कामावर प्रॉडक्शनचा डेटा असता तर दहा वेळा विचारलं असतं. घरच्या माणसाचा डेटा म्हटल्यावर "फॉरमॅट मार".

मग शिस्तीत सुरू केलं. आधी बॅकअप. मिंटच्या फाइल मॅनेजरमध्ये कंट्रोल आणि एच दाबलं की लपवलेले फोल्डर दिसतात. ज्यांच्या नावापुढे टिंब असतं ते. त्यातल्या एका फोल्डरमध्ये छोटा डेटाबेस होता. खुणा, टिपणं, कुठल्या पानावर आहात, सगळं त्यात. आख्खा रीडर लपवलेल्या फोल्डरांसकट लॅपटॉपवर कॉपी करून घेतला. मग एलएसबीएलके कमांडनं रीडर कुठल्या नावानं जोडलाय ते बघितलं. हे दोनदा बघा! आमच्या लॅपटॉपची स्वतःची डिस्क एसडीए होती आणि रीडर एसडीबी. एका अक्षराची चूक आणि दुरुस्ती भलत्याच डिस्कवर. मी तिला अक्षर मोठ्यानं वाचायला लावलं, शाळेत पाढे म्हणतात तसं. मग आधी रीडर अनमाउंट केला आणि एफएससीके डॉट व्हीफॅट ही तपासणी चालवली. तिनं "डर्टी बिट" राहिलाय म्हणून सांगितलं, तो काढला. केबल काढून लावली. लिहिता यायला लागलं. खुणा जागच्या जागी. फोनवर दोघंही काही बोललो नाही थोडा वेळ.

आता पुढचं. रोज फाइली हातानं कॉपी करणं बरोबर नाही, म्हणून कॅलिबर बसवलं. आणि याची गोष्ट मला सांगायचीच आहे, कारण ती अगदी आमच्यासारखी आहे.

२००६ साली सोनीनं पीआरएस-५०० नावाचा ई-रीडर अमेरिकेत आणला. तेव्हा किंडल नव्हतं, ते २००७ च्या नोव्हेंबरात आलं. सोनीचं सॉफ्टवेअर लिनक्सवर चालायचं नाही. कोविद गोयल नावाचा एक विद्यार्थी तेव्हा कॅलटेकमध्ये संशोधन करत होता आणि तो लिनक्स वापरायचा. त्यानं रीडर आणि कॉम्प्युटर केबलवरून एकमेकांशी काय बोलतात ते उलगडायला घेतलं. ना कागदपत्रं, ना कंपनीची मदत. आणखी एका जाणकाराच्या मदतीनं ते जमलं. ३१ ऑक्टोबर २००६ ला काम सुरू झालं, नाव होतं लिब-पीआरएस-५००. आधी फक्त पुस्तकं रीडरवर चढवायची सोय. मग लक्षात आलं की सोनीच्या फॉर्मॅटमध्ये पुस्तकं बनवायला धड साधन नाही, मग कन्व्हर्टर आला. मग पुस्तकं एवढी झाली की सांभाळायला लायब्ररी हवी. २००८ मध्ये नाव बदलून कॅलिबर ठेवलं. ते त्याच्या बायकोनं सुचवलेलं. त्यातला "लिब्र" म्हणजे मुक्त. आज ते मोफत आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं.

म्हणजे बघा, एका माणसाचा रीडर त्याच्या कॉम्प्युटरवर चालेना, एवढ्यावरून हे सगळं. आणि एक गंमत. कॅलटेक ही लायगो चालवणाऱ्या संस्थांपैकी एक. आपल्या औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळ्याला चार-चार किलोमीटर लांबीच्या भुजांची लायगो-इंडिया होतेय ना, २०२३ मध्ये केंद्र सरकारनं २,६०० कोटी मंजूर केले ती, तिचा हात धरणारी हीच मंडळी. आमच्या गावात लायगोचं नाव निघालं की लोक जमिनीचे भाव विचारतात, तो भाग वेगळा.

कॅलिबर बसल्यावर रीडर आपोआप ओळखला. एक सूचना: काही नवे रीडर पेनड्राइव्हसारखे दिसत नाहीत, ते मोबाइलसारखे एमटीपी पद्धतीनं जोडले जातात. तिथं एका वेळी एकच प्रोग्राम बोलू शकतो. फाइल मॅनेजर उघडा असेल तर कॅलिबरला रीडर सापडत नाही, आणि आपण उगाच ड्रायव्हर शोधत बसतो. फाइल मॅनेजर बंद करा, बस्स.

मराठीचा घोळ मात्र वेगळाच. बहिणीची निम्मी पुस्तकं पीडीएफ. बालभारतीची पाठ्यपुस्तकं पीडीएफमध्ये मोफत मिळतात, पण ते पान मोठं, रीडर सहा इंची, अक्षर मुंगीएवढं. ईपबमध्ये कन्व्हर्ट करावं तर काही नोट्समधून मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा चिवडा बाहेर येतो. कारण त्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या आहेत, युनिकोडच्या आधीच्या. त्यात इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी अक्षराचं चित्र बसवलेलं असतं. डोळ्याला "क" दिसतो, कॉम्प्युटरला तो इंग्रजीच वाटतो. अशा फाइलींना कन्व्हर्ट करायच्या भानगडीत पडू नका. के-टू-पीडीएफ-ऑप्ट नावाचं मोफत साधन आहे, तेही लिनक्सवर चालतं. ते पानाकडे चित्र म्हणून बघतं, ओळी-शब्द कापून छोट्या पडद्यावर नव्यानं मांडतं. अक्षर कुठल्या फॉन्टचं आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही. तक्त्यांची मात्र वाट लागते, ते तसेच मूळ पीडीएफमध्ये आडवे करून बघा.

युनिकोडमधलं पुस्तक असेल तर मजा. विकिस्रोतावर मराठी पुस्तकं आहेत, तिथून थेट ईपब उतरवता येतं. कन्व्हर्ट करताना दोन गोष्टी करा. एक, "लुक अँड फील"मध्ये जाऊन फॉन्ट पुस्तकातच बसवा. आम्ही मुक्ता वापरला, मोफत आहे. दोन, पुस्तकाच्या माहितीत भाषा मराठी निवडा. हे लोक विसरतात. मराठी "ल" आणि "श" यांचं वळण हिंदीपेक्षा वेगळं, पण युनिकोडमध्ये दोघांना एकच क्रमांक. ज्या फॉन्टमध्ये दोन्ही वळणं आहेत तो पुस्तकाची भाषा बघून ठरवतो कुठलं दाखवायचं. बाबा जिल्हा परिषदेचे निवृत्त मास्तर. त्यांनी रीडर हातात घेतला आणि पहिलं वाक्य काय, तर "हा ल हिंदीचा का काढला?" टेक्नॉलॉजीचं बाकी त्यांना काही पडलेलं नाही.

परीक्षेच्या आदल्या रात्री तिनं खुणा वाचल्या. ९ तारखेला हिंगोलीला सेंटरवर सकाळच्या एसटीनं गेली. पेपर कसा गेला विचारलं तर म्हणाली, "निकालाच्या दिवशी सांगते." मी पुन्हा विचारलं नाही.

पण परवा अभ्यासिकेतून तिचा फोन आला. तिथल्या एका पोराचा रीडर बंद पडलाय, रीड-ओन्ली दाखवतोय, आणि तिच्यासमोर टर्मिनल उघडं आहे. मी म्हटलं, "आधी बॅकअप—"

"घेतला," ती म्हणाली. "लपवलेल्या फोल्डरांसकट. दादा, हा एसडीबी नाही, एसडीसी दाखवतोय. दोनदा वाचलं. चालवू का?"