इस्राएलांच्या निवासमंडपातील उपकरणे



आजचा विषय ठरला तेव्हा व्याख्यानमालेच्या चालकांपैकी एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी आम्हांला विचारले, "अहो, जवळा बाजारच्या माणसाला तीन हजार वर्षांपूर्वीच्या यहुद्यांच्या दिव्याशी नि भाकरीशी काय कर्तव्य?" शंका रास्त होती. तेव्हा आम्ही हसून वेळ मारून नेली. आज उत्तर देण्याचा प्रयत्न करतो आणि तो बाभळीपासून सुरू करतो, कारण ती आपल्या ओळखीची आहे.

इस्राएल लोकांची सर्वांत पवित्र वस्तू म्हणजे त्यांचा कराराचा कोश. तो बाभळीच्या लाकडाचा होता. मराठी बायबलातील 'निर्गम' या पुस्तकात शब्दच तसा आहे. सिनायच्या रुक्ष रानातली ती बाभूळ आपल्या बांधावरच्या बाभळीची सख्खी बहीण नव्हे, चुलत म्हणा. पण कूळ तेच, काटेरी आणि चिवट. आपण बाभळीचे काय करतो? औत करतो, गाडीचे चाक करतो, उरलेले चुलीत घालतो. देव्हारा करायचा झाला तर सागवान नाहीतर शिसव पाहतो. मिसर देशाच्या गुलामगिरीतून निघालेल्या त्या लोकांना निवड नव्हती. रानात जे उगवते त्याचीच देवाची पेटी. लबानोनचा गंधसरू त्यांच्या मंदिराला लागला तो पुढे, शलमोन राजाच्या वैभवात. कोशाला आतून-बाहेरून सोन्याचा पत्रा होता हे खरे. परंतु सोन्याखाली बाभूळ होती, हे आम्हांला अधिक महत्त्वाचे वाटते.

'निर्गम'मधली ही प्रकरणे वाचायला बसलेला माणूस बहुधा कंटाळतो. सुतार-सोनाराने मांडलेल्या यादीसारखी ती आहेत. कोश अडीच हात लांब, दीड हात रुंद, दीड हात उंच. मेज दोन हात लांब. धूपवेदी हातभर लांब, हातभर रुंद, दोन हात उंच. आम्हीही पहिल्या वेळी पाने उलटली होती, हे कबूल केले पाहिजे. पण यादीतली मापे बाजूला ठेवून नुसत्या वस्तूच एकामागून एक मोजा. बाहेरच्या अंगणात अग्नीची वेदी आणि हातपाय धुण्याचे गंगाळ. आत गेल्यावर एका बाजूला भाकरींचे मेज, समोर दीपवृक्ष, मध्ये धूप. त्यापलीकडे पडदा आणि पडद्यामागे पेटी. अहो, हे तर घर झाले! आल्यागेल्याने पाय धुवावेत, दिव्याच्या उजेडात बसावे, पानावर अन्न असावे आणि घरातले जे मोलाचे ते आतल्या खोलीत पेटीत असावे. म्हणूनच त्या तंबूला नाव निवासमंडप. फरक इतकाच, की या घराचा धनी कोठे दिसत नाही.

ह्या वस्तूंचा अर्थ काय, यावर विद्वानांनी पुष्कळ लिहिले आहे. पहिल्या शतकातला योसेफस हा यहुदी इतिहासकार म्हणतो, की सात दिवे म्हणजे सात ग्रह आणि बारा भाकरी म्हणजे वर्षाचे बारा महिने. ठीक आहे. असे अर्थ कोणत्याही वस्तूला लावता येतात. उद्या कोणी आपल्या बैलगाडीच्या चाकातही राशी शोधील. त्यापेक्षा आम्हांला बाराव्या शतकातला मैमोनिदेस आवडतो. यहुद्यांमध्ये त्याच्या तोडीचा पंडित विरळा. त्याने एकेका उपकरणाचे कारण सांगितले. पशुबळीच्या दुर्गंधीवर उतारा म्हणून धूप, इतके व्यावहारिक कारणसुद्धा दिले. भाकरींच्या मेजापाशी मात्र तो थांबला आणि याचे कारण मला अद्याप सापडलेले नाही, असे त्याने सरळ लिहून ठेवले. एवढा मोठा मनुष्य आणि अडला कुठे, तर भाकरीपाशी!

त्या मेजावर बारा भाकरी ठेवीत. इस्राएलांची कुळे बारा म्हणून. दर शब्बाथ दिवशी, म्हणजे शनिवारी, ताज्या ठेवायच्या आणि आठवड्याच्या शिळ्या भाकरी याजकांनी त्या पवित्र जागीच खायच्या. देव जेवत नाही. माणसे जेवतात, पण त्याच्यासमोर. नैवेद्य दाखवून प्रसाद वाटणाऱ्या आपल्या समाजाला हे समजावून सांगण्याची गरज नाही.

गंगाळाची हकीकत याहून गोड आहे. ते पितळेचे गंगाळ मंडपाच्या दाराशी सेवा करणाऱ्या स्त्रियांच्या आरशांचे केले होते, असे मूळ ग्रंथातच आहे. त्या काळी घासून लख्ख केलेला धातूचा पत्रा हाच आरसा. यहुदी परंपरेतली एक कथा अशी, की बायकांचे आरसे देवाच्या कामी घ्यायला मोशेला संकोच वाटला. ही नटण्याची वस्तू! तेव्हा देवाने त्याला सांगितले, मला सर्वांत प्रिय आहेत ते हेच. मिसरात नवरे विटा पाडून मोडून जात, जगण्यावरचा त्यांचा विश्वास उडे, त्या वेळी ह्याच बायकांनी आरसे समोर धरून त्यांच्याशी थट्टामस्करी केली, संसार चालू ठेवला आणि म्हणून कुळे उरली. हातपाय धुऊन पवित्र व्हायला निघालेला याजक त्या गंगाळात वाकत असे, तो अशा धातूवर.

आणखी एक गोष्ट, पैशाची. मंडपासाठी लोकांनी स्वखुशीने सोने, कापड, कातडी इतकी आणून टाकली, की अखेर पुरे म्हणून दवंडी द्यावी लागली. (कोणत्याही उत्सव-समितीच्या खजिनदाराला हे प्रकरण वाचून दाखवावे.) पण एका बाबतीत स्वखुशी नव्हती. दर पुरुषाने अर्धा शेकेल चांदी द्यायची. श्रीमंताने जास्त नाही, गरिबाने कमी नाही. ह्या चांदीचे काय केले? तिच्या उथळ्या ओतल्या, म्हणजे मंडपाच्या फळ्या ज्यांत बसतात त्या बुडाच्या बैठका. देणगीचे सोने डोळ्यांसमोर झळकत राहिले आणि सर्वांची सारखी वर्गणी जमिनीलगत गेली. उभा मंडप तिच्यावर होता.

आता पडद्यामागे जाऊ. येथून जवळच औंढ्याला आपण नागनाथाच्या गाभाऱ्यात वाकून, अरुंद वाटेने खाली उतरतो आणि पिंडीपाशी पोहोचतो. इस्राएलांच्या परमपवित्रस्थानी फक्त मुख्य याजकाने जायचे, तेही वर्षातून एका दिवशी, प्रायश्चित्ताच्या दिवशी. तेथे तो काय पाही? कोशाचे झाकण. त्याला दयासन म्हणत. त्याच्या दोन टोकांना पंख पसरलेले दोन करूब, एकमेकांसमोर तोंड केलेले. आणि त्या पंखांच्या मध्ये काही नाही. मूर्ती नाही, चिन्ह नाही. देव तेथून बोलतो असे ते मानीत आणि ती जागा रिकामी ठेवीत. निर्गुणाविषयी आपल्या संतांनी पुष्कळ सांगितले आहे. ह्या लोकांनी निर्गुणाला आसन केले आणि त्यावर कोणाला बसवले नाही.

कोशाच्या पोटात दहा आज्ञांच्या दोन शिळा होत्या. पहिल्या दोन शिळा सोन्याच्या वासराची पूजा पाहून मोशेने संतापाने आपटून फोडल्या होत्या; ह्या दुसऱ्या. तालमूद नावाच्या त्यांच्या महाग्रंथात म्हटले आहे, की फुटलेल्या शिळांचे तुकडेही त्याच कोशात ठेवलेले होते. आणि त्यावरून ते शिकवतात, की वार्धक्याने विद्या विसरलेल्या वृद्धाचा मान कमी करू नये. आम्ही जितके अर्थ वाचले त्यांत ह्याच्याइतका दुसरा आमच्या मनाला भिडला नाही.

आणि कोशाचे दांडे. उचलून नेण्यासाठी कड्यांत दांडे घातलेले असत आणि ते कधीही काढायचे नाहीत, अशी स्पष्ट आज्ञा होती. मुक्काम कितीही लांबला तरी दांडे तसेच. पुढे यरुशलेमात दगडी मंदिर झाले, तरी दांडे काढले नाहीत.

प्रवास तर घडलाच. इ. स. पू. ५८६ मध्ये बाबेलच्या सैन्याने मंदिर जाळले आणि त्यानंतर कोश पुन्हा कोणी पाहिल्याचे प्रमाण नाही. परत आलेल्यांनी दुसरे मंदिर बांधले. त्यात मेज होते, दीपवृक्ष होता, पण पडद्यामागे कोश नव्हता. इ. स. पू. ६३ मध्ये रोमन सेनापती पाँपी विजयाच्या भरात पडदा सारून आत शिरला. आत मूर्ती नव्हती. रोमन लोकांना ह्या रिकाम्या खोलीचे मोठे नवल वाटले. इ. स. ७० मध्ये टायटसने ते मंदिरही नष्ट केले. रोममध्ये टायटसची कमान आजही उभी आहे. तिच्यावर सैनिक खांद्यावरून सात फाट्यांचा दीपवृक्ष आणि ते मेज लुटून नेताना कोरले आहेत.

मग उरले काय? यहुदी आचार्यांनी उत्तर दिले ते असे : वेदी गेली, तर माणसाच्या घरचे जेवणाचे मेज हीच आता वेदी. म्हणून शुक्रवारी सांजेला घरची बाई दिवा लावते, भाकरीवर आशीर्वाद म्हणतात आणि तिला मीठ लावतात, कारण अर्पणाला मीठ हवे अशी जुनी आज्ञा आहे. यादीतल्या वस्तू घरच्याच होत्या. त्या घरी परत आल्या.

आणि येथे त्या गृहस्थांच्या प्रश्नाचे उत्तर सुरू होते, कारण ह्यांतली काही घरे मराठी होती. आपल्या कोकणात, अलिबाग, रेवदंडा, पेण, पनवेल या टापूत बेने इस्राएल लोक शेकडो वर्षे राहिले. नौगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, पोथ्या समुद्रात गेल्या, अशी त्यांची परंपरा आहे. गावांवरून त्यांनी आडनावे घेतली : दिवेकर, किहीमकर, अष्टमकर, रोहेकर. धंदा तेल गाळण्याचा. शनिवारी त्यांचा घाणा बंद असे, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. सोमवारी घाणा बंद ठेवणारे ते सोमवार तेली. यांच्यापाशी सभास्थान नव्हते, पोथी नव्हती, कोश नव्हता. होते काय? शनिवारचा विसावा, मुलांची सुंता, 'शेमा' ही एक प्रार्थना आणि स्वयंपाकघर. परंपरा सांगते, की डेव्हिड राहाबी नावाचा परका यहुदी गृहस्थ तेथे आला आणि परीक्षा म्हणून त्याने बायकांपुढे निरनिराळे मासे ठेवले. त्यांनी खवले आणि पर असलेले तेवढेच निवडले. शास्त्रात तसेच सांगितले आहे. राहाबीची खात्री पटली. पुरोहित नसलेल्या त्या धर्माची पोथी बायकांच्या हातात होती, विळीवर.

मंदिराच्या दिव्याला कुटून काढलेले निर्मळ तेल आणावे, अशी 'निर्गम'मध्ये आज्ञा आहे. यांनी गाळलेले तेल कोकणातल्या किती घरच्या दिव्यांत आणि किती देवळांतल्या समयांत जळले असेल, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

पुढे उपकरणे आली. १७९६ मध्ये कंपनीच्या फौजेतले सामाजी हसाजी दिवेकर यांनी मुंबईत पहिले सभास्थान बांधले. टिपूच्या कैदेतून जीव वाचल्याबद्दल हा नवस होता, असे सांगतात. आणि पोथी आणण्यासाठी कोचीनला गेले असता तेथेच ते वारले, असेही सांगतात. बेने इस्राएल लोक सभास्थानाला मशीदच म्हणत. १८३२ मध्ये जॉन विल्सन यांनी हिब्रूचे व्याकरण मराठीतून छापले. १८७४ मध्ये पुण्यात वल्हांडणाची 'हग्गादा' मराठी भाषांतरासह निघाली; तिच्या चित्रांत बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका लुगडे नेसून जमिनीवर बसलेल्या आहेत. मोशेच्या आणि योसेफाच्या आख्यानांवर त्यांनी मराठीतून कीर्तनेही केली. एलियाहू संदेष्ट्याच्या नावाने पोहे, खोबरे, साखर आणि फळे यांचा मलिदा वाटण्याची रीत त्यांच्यात आजही आहे.

१९४८ नंतर मात्र बहुतेक कुटुंबे इस्राएल देशी गेली. तेव्हा ही वस्ती सुमारे २० हजार धरतात. आज फार थोडे लोक मागे उरले आहेत. २०१६ मध्ये महाराष्ट्र शासनाने यहुद्यांना अल्पसंख्याकांचा दर्जा दिला, तोवर पुष्कळ गावांतली इस्राएल आळी नावापुरती राहिली होती. पूर्वी कोकणात माणसे होती आणि उपकरणे नव्हती. आता पश्चिमेच्या, म्हणजे यरुशलेमाकडच्या, भिंतीतला लाकडी कोश आहे, त्यावरचा पडदा आहे, टांगलेला तेलाचा दिवा आहे, एलियाहूची रिकामी खुर्ची आहे. पण सार्वजनिक प्रार्थनेला आणि पोथी वाचायला किमान दहा प्रौढ पुरुष लागतात, ते जमत नाहीत. सणाला मुंबई-ठाण्याहून मंडळी येतात तेव्हा काही ठिकाणी दारे उघडतात. या अवस्थेचा दोष कोणाला द्यावा असे आम्हांला वाटत नाही. त्यांना कोणी हाकलले नाही. येथे यहुदी म्हणून त्यांचा छळ झाला नाही, ही गोष्ट ते स्वतःच आवर्जून सांगतात. दांडे कड्यांत होते, ते निघाले. तिकडे अश्दोदला, दिमोनाला, लोदला त्यांनी आपली सभास्थाने उभी केली. तेथे मलिदा वाटतात आणि 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिकही त्यांनी काढले.

अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिले, ते आमच्या ध्यानात आले आहे. आपणांपैकी कोणी अलिबागेस गेला तर समुद्र आणि किल्ला पाहून झाल्यावर इस्राएल आळीतही जावे. सभास्थानाची देखभाल करणारा भेटला, तर आत नेण्याची विनंती करावी, डोके झाकावे आणि दिव्यात तेल आहे का, ते पाहावे. आम्ही रजा घेतो.