रोहूच्या अंगावरची ऊ

तळ्यातला रोहू बांबूला अंग घासू लागला, उगाच उड्या मारू लागला, की आम्ही जाळं टाकून दोन-चार मासे हातात घेऊन बघतो. खवल्यांवर मसूर डाळीएवढं, चपटं, काचेसारखं काही सरकलं तर ती माशांची ऊ, आर्गुलस. ती रक्त पिते. माशाचं खाणं सुटतं, वाढ खुंटते, लाल चट्टे पडतात; मग व्यापारी भाव पाडतो आणि गटाचा हप्ता अडतो.

पण ती अंडी माशावर नाही, दगड-बांबूवर घालते. म्हणून आम्ही तळ्यात मुद्दाम बांबू रोवतो आणि आठवड्याला काढून दिवसभर कडक उन्हात वाळवतो. अंडी तिथेच मरतात.

कपाशीचं फवारणीचं औषध मात्र अंदाजाने ओतू नका बरं, उवांबरोबर मासेही जातील. आधी मत्स्य विभागाला विचारा.